आखाजीचा इस्तिफा

सर गेल्याचं मला तेराव्यानंतर कळलं. त्यांचा पुतण्या रनाळ्याहून कापसाची गाडी घेऊन जिनिंगवर आला होता. जाता जाता भाव सांगावा तसं त्याने सांगितलं, "काका गयात. झोपमाच गयात. कोनले तरास नई." मग बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "तुमनं नाव काढेत कधी कधी."

कशावरून काढत, हे विचारायचं मला सुचलं नाही. त्या दिवशी मी शाळेत गेलो, माझे तास घेतले, घरी आलो. सरांवर काही लिहावं असं तेव्हापासून मनात आहे. पण ज्या माणसाने मला शब्द वापरण्याआधी त्याची विचारपूस करायला शिकवलं, त्याच्यावर लिहिताना हात लवकर चालत नाही. म्हणून थोडं थोडं लिहितो.

आमची शाळा तापीकाठच्या एका गुजर वस्तीच्या गावात, कापसाच्या जुन्या वखारीत भरत असे. बाक सरकवला की खालून सरकी निघायची. मी धुळ्याहून तिथे गणित शिकवायला गेलो. एका शेतकऱ्याच्या घराच्या दर्शनी बाजूला दोन खोल्या होत्या, त्यांतली एक मला मिळाली, दुसरीत सर राहत. दोन्ही खोल्यांना मिळून एकच ओटा होता. सर मराठी आणि इतिहास शिकवत. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. पूर्वी ते सातपुड्याच्या पायथ्याशी एका लहानशा संस्थानात कारकून होते. संस्थान विलीन झालं आणि ते खाली, सपाटीवर आले. उन्हाळा असो वा हिवाळा, डोक्यावर काळी टोपी आणि काखेत छत्री. ती छत्री त्यांनी उघडलेली मी पाहिली नाही. "तापीवर जाताना कुत्र्यांशी बोलायला लागते," असं ते म्हणत.

त्यांचं बोलणं शुद्ध, पुस्तकातलं. गाव सगळं अहिराणी बोले, घरात गुजरी बोले, आणि सर बाजारात वांगी घेतानाही "कृपा करून" म्हणत. भाजीवाली त्यांना "या, साहेब, कृपा करा" असं म्हणून चिडवायची आणि वर एक वांगं जास्त टाकायची. आईची भाषा अहिराणी असताना हे असं का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "ती घरची आहे. ती बाहेर पडायला कारण लागतं." त्या कारणाबद्दल पुढे येईलच.

शब्द दिसला की त्याचं गाव विचारायचं, हा त्यांचा नाद. "नवा माणूस ओट्यावर आला की आपण आधी विचारतो, कोणत्या गावचे? मग शब्दाने काय पाप केलंय?" पगार हा शब्द पोर्तुगीजांकडून आला हे कळल्यापासून दर महिन्याच्या सुरुवातीला ते कारकुनाला गंभीरपणे विचारत, "पोर्तुगीज आले का?" कारकूनही तेवढ्याच गंभीरपणे सांगे, "अजून धुळ्याला आहेत, सर."

त्यांचा हजेरीपट हा हेडमास्तरांचा कायमचा जाच होता. मुलांच्या नावांखाली शेवटी सरांनी पेन्सिलीने स्वतःचं नाव लिहिलेलं असे, आणि महिन्यातून दोनतीनदा त्या नावापुढे गैरहजेरी असे.

"अहो, हा सरकारी कागद आहे," हेडमास्तर म्हणत. "साहेब तपासणीला आले तर मी काय सांगू?"

"खरं सांगा. त्या दिवशी मी वर्गात नव्हतो. मन दुसरीकडे होतं."

"तुम्ही खुर्चीत बसलेले होतात! मी स्वतः पाहिलं."

"खुर्ची हजर होती," सर म्हणत.

हे सगळं गमतीचं. पण माझ्या पहिल्याच वर्षी, परीक्षा संपल्यावर, सरांनी हेडमास्तरांच्या टेबलावर एक कागद ठेवला तेव्हा मी घाबरलो. तो नोकरी सोडल्याचा कागद होता. हेडमास्तरांनी तो न वाचताच खणात टाकला.

"सर राजीनामा देतायत?" मी विचारलं.

"राजीनामा नाही," सरच म्हणाले. "इस्तिफा."

"एकच की ते."

झालं. संध्याकाळी ओट्यावर त्यांनी मला धरलं. हिंदीत हा शब्द रोजचा आहे, हे त्यांना माहीत होतं, पण आपल्याकडे तो दप्तरातून उठून गेला याचं त्यांना वाईट वाटे. ते म्हणाले, "राजीनामा कधी देतात? तलाठ्याकडे जाऊन बघा. जमिनीचा नंबर सोडायचा असला की खातेदार लिहून देतो, मी राजी आहे, दुसऱ्याच्या नावे करा. राजीनामा म्हणजे राजीखुशीचा कागद. मी कशाला राजी असू? माझं इथे काय वाईट चाललंय?"

"मग त्यागपत्र म्हणा."

"त्याग साधू करतो. माझ्याकडे दोन टोप्या आणि एक छत्री. इस्तिफा अरबी आहे. फारसीतून आपल्या दप्तरात आला. माफ शब्द ज्या घरचा, त्याच घरचा हा. अर्थ एवढाच की माफी मागतो, मोकळं करा. आमच्या संस्थानात कारकून सोडून जायला निघाला की राजासमोर उभा राहायचा. राजा भिल्ल, सहीच्या जागी अंगठा उठवणारा, पण विचारायचा, काय चुकलं? कारकुनाने खरं काय ते सांगायचं. राजा म्हणायचा, माफ. मगच निरोपाचा विडा. चूक न सांगता विडा घेऊन कोणी जात नसे."

"पण तुम्ही जात तर नाही कुठे."

"ते माझ्या हातात नाही. ते आखाजीला ठरेल."

आमच्याकडे शेतावरच्या सालदाराचं, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं. आदल्या दिवशी तो मोकळा होतो. पुन्हा ठेवायचं असेल तर मालकाने त्याच्या दारी जाऊन विचारायचं, तो हो म्हणाला की गूळ खायचा, साल ठरलं. मालकाने विचारलं नाही तर सालदार काही बोलत नाही, दुसऱ्या गावचा रस्ता धरतो. न विचारता कामावर उभा राहिलेला सालदार आमच्याकडे कोणी पाहिलेला नाही. सरांनी संस्थानातला इस्तिफा आणि सालदाराची आखाजी यांची गाठ मारली होती, आणि गंमत म्हणजे शाळेच्या अध्यक्षांना ती एका क्षणात समजली होती. हेडमास्तरांना ती शेवटपर्यंत समजली नाही.

अध्यक्ष गावातले मोठे शेतकरी. गाव त्यांना आबा म्हणे. शिक्षण चौथीपर्यंत, केळीच्या बागा, घरी सात सालदार. मुलींनी शिकावं म्हणून नातीला शाळेत घालणारे गावातले पहिले तेच. आखाजीच्या सकाळी ते एकटे ओट्यावर आले. धोतराच्या सोग्यात गुळाचा खडा. गल्लीत कडुलिंबाला झोके बांधलेले, माहेरी आलेल्या लेकी त्यावर गाणी म्हणत होत्या. मी उठून आत जाऊ लागलो, तर आबा म्हणाले, "बठा, मास्तर. पंच लागस."

मग सरांकडे वळून, "काय चुकनं यंदा?"

आणि सर अहिराणीत बोलले. मी त्यांच्या तोंडून ती भाषा पहिल्यांदाच ऐकत होतो.

"म्हसावदकडना एक पावरा आदिवासी पोऱ्या शे पाचवीमा. त्याले मी मुका समजनू. दिवाळीपावत. तो मुका नव्हता, आबा. त्याले मराठी येत नव्हतं. मी त्याले एकबी प्रश्न इचारा नई."

आबांनी विचारलं, "आते बोलस?"

"बोलस. खूप बोलस. वर्गमा दुसराले बोलू देत नई."

"माफ," आबा म्हणाले. "ऱ्हाशात का?"

"ऱ्हासू."

"ल्या, गूय खा."

एवढंच. गूळ खाल्ल्यावर सर पुन्हा पुस्तकी मराठीत आले आणि आबांना विचारू लागले की यंदा केळीवर रोग आहे काय. पुढे काही वर्षं मी तो पंच होतो. एका वर्षी सरांनी सांगितलं की एका मुलाने त्यांना वर्गात बरोबर खोडून काढलं आणि त्यांनी त्याला खाली बसवलं. एका वर्षी सांगितलं की हुशार मुलांचे निबंध ते आधी वाचतात आणि शेवटच्या गठ्ठ्यापर्यंत त्यांची नजर थकते. आबा दर वेळी ऐकत, एखादा प्रश्न विचारत, आणि माफ म्हणत. मला वाटायचं, आबांनाही हे आवडत असावं. गावात त्यांच्यासमोर खरं बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

मग ते वर्ष आलं.

आबांची नात आठवीत होती. तिचं नाव लिहीत नाही. शांत, उंच, इतिहासात पहिली. त्या हिवाळ्यात तिचं ठरलं. नवरामुलगा बडोद्याला कॉलेजात, घर चांगलं, आणि तिकडच्यांची एकच अट, मुलगी आठवी पास पाहिजे. आबांना त्या अटीचा अभिमान वाटे. "शिकाडी ते कामले उनी," शिकवली ती कामाला आली, असं ते चारचौघांत म्हणत. लग्न आखाजीनंतर, वैशाखातच.

परीक्षा झाली. सर ओट्यावर बसून पेपर तपासत असताना आबा सहज आले आणि नातीचं कसं काय म्हणून विचारलं. सरांनी तिचा इतिहासाचा पेपर काढून दाखवला. वर नाव, वर्ग, खाली कोरा.

"बीमार व्हती का ती त्या दिनले?" आबा म्हणाले.

"तशी दिसत नव्हती."

"घाबरनी व्हई. लगीननं घर शे. पन तुमले माहीत शे ना, तिले येस का नई?"

"येतं," सर म्हणाले. "सगळ्या वर्गापेक्षा जास्त येतं."

आबांनी याहून काही म्हटलं नाही. दबाव आणला, असं मी म्हणणार नाही. सरांनी रात्री विचार केला आणि सकाळी तिला पास होण्यापुरते गुण दिले. मला म्हणाले, "वर्षभर तिने मला तोंडी उत्तरं दिली आहेत. त्यांचे हे गुण. अन्याय होत नाही ना?" मला तो अन्याय वाटला नाही. आम्हां तिघांपैकी कोणालाच वाटला नाही.

आखाजीच्या दोनतीन दिवस आधी सर तापीवरून परत येत होते. मळ्याच्या वाटेवर ती मुलगी आईबरोबर भेटली. सर आपल्या परीने प्रेमाने म्हणाले, "काळजी करू नकोस हो. पास आहेस." मुलीने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती रडू लागली. आई तिला दंडाला धरून पुढे ओढत होती. मुलगी मागे वळून म्हणाली, "सर, मी मुद्दाम सोडला होता पेपर."

त्या संध्याकाळी सरांनी दिवा लावला नाही. मला त्यांनी हे सांगितलं ते त्यानंतर, आणि एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी हजेरीपट, पेपरांचे गठ्ठे, इस्तिफ्याचा कागद, सगळं नेहमीसारखं हेडमास्तरांकडे दिलं. निकाल लागायला आणखी आठवडाभर होता.

आखाजीच्या सकाळी आबा आले. खुशीत होते. घरी मांडवाच्या बल्ल्या येऊन पडल्या होत्या. झोक्यावर त्यांच्या घरच्या मुली होत्या, त्यांच्याकडे बोट करून म्हणाले, "पुढली आखाजीले मन्ही बी माहेरले येनारी व्हई." मग ओट्यावर बसले. "हं, मास्तर. काय चुकनं यंदा?"

सर झोक्याकडे बघत राहिले. मला वाटलं, टाळतील. टाळता आलं असतं. चुका काय, शोधल्या तर शेकड्याने सापडतात.

"तुमनी नातनी कोरा पेपर दिधा," सर म्हणाले. "मी तो भरा."

"त्यामा काय चुकनं? तिले येस."

"येस. म्हनीसनच कोरा दिधा. तिले नापास व्हवानं व्हतं, आबा. तिले लगीन नई करानं. तिनी माले सांगं, एवढा मोठा कागदवर सांगं, अन् मी तिनं तोंड दाबी दिधं."

झोक्यावरचं गाणं चालू होतं. आबांचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल.

"कोनी सांगं तुमले?"

"तिनीच."

"पोर शे ती. पोरी रडतस लगीनले. मन्ही माय बी रडनी व्हती."

"व्हई," सर म्हणाले. "मी मन्ही चूक सांगी ऱ्हायनू. तुमनी नई."

हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं. पण आबा शेतकरी माणूस, त्यांना हिशेब कळत होता. माफ म्हणावं, तर ही चूक आहे हे मान्य केल्यासारखं, आणि चूक मान्य केली की दारातल्या बल्ल्यांचं काय करायचं? आणि चूक नाही म्हणावं, तर इतकी वर्षं या ओट्यावर जे चाललं ते सगळं खोटं. ते उठले. गूळ सोग्यातच राहिला. "ऱ्हाशात का?" हे त्यांनी विचारलं नाही. पायऱ्या उतरून ते गर्दीतून सरळ घराकडे गेले.

सर थोडा वेळ बसले आणि मग आत जाऊन पुस्तकं बांधू लागले.

मी हेडमास्तरांना बोलावून आणलं. ते घामाघूम होऊन आले. "सर, हा काय पोरखेळ आहे! तो कागद मी फाडून टाकतो. तुम्ही कायम नोकर आहात. तुम्हाला कोणी काढलेलं नाही!"

"मला कोणी विचारलेलंही नाही," सर म्हणाले. "दोरी जरा धरता का?"

हेडमास्तरांनी दोरी धरली. गाठ मारताना म्हणाले, "पण तुम्ही जाणार कुठे?"

"रनाळ्याला भाऊ आहे. वावर आहे."

"तुम्हाला वावरातलं काय येतं?"

"काही नाही," सर म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला ते म्हातारे वाटले. संस्थान गेलं तेव्हा त्यांना ही शाळा मिळाली होती. आता दुसरी कोण देणार? मॅट्रिक झालेला, फारसी येणारा, पन्नाशीचा मास्तर. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी आबांच्या घरी जाऊन दोन शब्द बोलायला ते तयार नव्हते. मी जातो म्हटलं, तर छत्री आडवी धरून म्हणाले, "पंच कोणाच्या दारी जात नसतो."

गावात कुजबुज झाली. आबांच्या वाड्याचा दरवाजा आतून लागलेला असे. मांडवाच्या बल्ल्या दारात तशाच पडून होत्या, ना कोणी उभ्या करी, ना कोणी उचली. आखाजी होऊन दोन दिवस झाले. सांगितलेली बैलगाडी दुसऱ्या सकाळी यायची होती, म्हणजे सरांचा तो शेवटचा दिवस. संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. आत खोली रिकामी होती, त्यामुळे बोललेलं घुमत होतं. म्हणून आम्ही बोलत नव्हतो.

आबा आले. मागे नात होती, डोक्यावर पदर घेतलेली, मोठ्या बाईसारखी. बसा म्हणण्याआधीच आबा पायरीवर बसले.

"दोन रातपासीन झोप नई, मास्तर," ते म्हणाले. "हिनी मायले इचारं, ती बी रडाले लागनी. आजीले इचारं, ती बी. घरमा सगळासले माहीत व्हतं. माले एकलाले नई." मग थोडं हसल्यासारखं केलं. "अध्यक्ष शे ना मी."

सरांनी सरकून ओट्यावर जागा केली, पण आबा पायरीवरच राहिले.

"आते त्या लोकेसले काय सांगू? शब्द दियेल शे. पोर नई म्हनस असं सांगू? मन्हं नाक ऱ्हाई का?"

तेव्हा ती मुलगी बोलली. आजोबांशी नाही, सरांशी, आणि शाळेच्या भाषेत. "सर, मला नापास करा. पेपर कोराच आहे ना. त्यांची अट आहे, आठवी पास पाहिजे म्हणून. आबांनी सांगायचं, मुलगी नापास झाली."

आबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. बाजारात एखादा बैल आपण समजत होतो त्यापेक्षा तरणा निघावा, तसं.

"लोक हसतील तुला," सर म्हणाले. "इतिहासात पहिली येणारी मुलगी."

"हसू द्या."

सरांनी मला हेडमास्तरांकडे पाठवलं. मी गठ्ठा आणला. सरांनी तो मांडीवर सोडला, तिचा पेपर काढला, स्वतः दिलेले गुण खोडले, शून्य लिहिलं आणि खाली सही केली. कोऱ्या पेपराला शून्य, यात नियमाविरुद्ध काहीच नव्हतं. आधीचे गुणच नियमाविरुद्ध होते.

आबांनी ते शून्य दिव्याजवळ नेऊन पाहिलं. "बरं," ते म्हणाले. मग घसा खाकरून, "म्हंजे तिले आखो एक साल आठवी शिकाडनी पडी. मास्तर, ऱ्हाशात का?"

"तुम्ही अजून माफ म्हणाला नाहीत."

"मी कसा म्हनू?" आबा एकदम मोठ्याने म्हणाले. "आपुन दोन्ही एकच जूले जुपेल बैल! तिले इचारा."

सर उठून उभे राहिले. टोपी काढली. त्यांच्या डोक्यावर एकही केस नव्हता, हे मला तेव्हा कळलं. एका विद्यार्थिनीसमोर हात जोडून ते म्हणाले, "मन्हं चुकनं, बाय."

मुलगी पायाच्या अंगठ्याने ओट्यावरची माती कोरत राहिली. आबा अस्वस्थ झाले, "बोल ना, माय," म्हणाले. मलाही वाटलं, आता ती रडेल किंवा सरांच्या पाया पडेल, आणि सगळं सुरळीत होईल. तिने तसं काही केलं नाही. पदर खांद्यावर घेतला, सरांकडे नीट पाहिलं, आणि त्यांनी जी भाषा वापरली होती त्याच भाषेत उत्तर दिलं.

"पुढली आखाजीले सांगसू, सर."